मदत हवी आहे: फॅनी एल्स्लरचा काचुचा

नमस्कार मंडळी, पॅरिस ऑपेरात १८३६ साली 'ल द्याब्ल ब्वातो' या बॅलेत फॅनी एल्स्लरने गाजवलेल्या काचुचा या स्पॅनिश नाचावर लेख लिहितेय. गुलाबी सॅटिनचा झगा, त्यावर काळी लेस, हातात कास्टानेट (बोटांत धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या) आणि कमरेतून मागे झुकलेलं अंग. जुन्या चित्रांतही काय जिवंत वाटतं ते! तिच्याच काळातली बॅले नर्तकी मारी टाग्लिओनी हिच्या तरंगत्या पऱ्यांपेक्षा मला हे जमिनीशी नातं सांगणारं नृत्य जास्त भावतं.

नृत्यशिक्षक फ्रीडरिश झॉर्नने १८८७च्या ग्रंथात याचं नृत्यलेखन (चिन्हांनी लिहिलेली पावलं) दिलंय. ते कुणाला वाचता येतं का? ३/८च्या तालात पावलं आणि कास्टानेटचे ठेके एकमेकांवर कसे बसतात, तिथेच घोडं अडलंय. स्पॅनिश नृत्य शिकलेल्या कुणी समजावलं तर फार उपकार होतील.