सोलापुरात लाकडी फरशी: ज्यांनी घातली त्यांनी लिहा

जुळे सोलापुरातला आमचा फ्लॅट दिवाळीपर्यंत ताब्यात येईल. बिल्डरने सगळीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल घातली आहे. सासूबाईंचं मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून असल्या फरशीवर त्या भिंतीला हात लावूनच चालतात. म्हणून त्यांची खोली आणि आमची झोपायची खोली, निदान एवढ्या दोन तरी लाकडी कराव्यात असं मनात आहे.

दुकानं फिरून आले. 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून दाखवतात त्यात चार वेगवेगळ्या वस्तू असतात हे तिथे गेल्यावर कळलं. लॅमिनेट म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली पट्टी, वर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि त्यावर कडक पारदर्शक थर. इंजिनिअर्डमध्ये वरचे दोन-चार मिलिमीटर खरं लाकूड, खाली प्लायसारखे आडवे-उभे थर. तिसरं अख्खं लाकूड, साग किंवा ओक. चौथं एसपीसी. त्यात लाकूड नाहीच, चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी.

दुकानदार सगळंच चांगलं म्हणतात. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, घरोघरी कूलर चालतो. पुण्या-मुंबईचे अनुभव वाचून माझं समाधान होत नाही. कुठल्या खोलीत काय घातलं, किती वर्षं झाली, काय बिघडलं, ते सविस्तर लिहा, आणि वर आपला भाग टाका.

विजापूर रोड, दुसरा मजला

आमच्या हॉलमध्ये २०१६ साली आठ मिलिमीटरचं लॅमिनेट घातलं. पहिली तीन वर्षं कौतुकाची गेली. मग एका रात्री पाणी येणार होतं, पिंप लावून नळ उघडा ठेवला आणि झोप लागली. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. पहाटे उठलो तर स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत पाणी. वरचं पुसलं, पंखे लावले, फरशी छान दिसत होती. आठ दिवसांनी सांध्यांच्या कडा वर यायला लागल्या, तळताना पापडाच्या येतात तशा.

पाणी वरून आत गेलं नव्हतं. ते भिंतीकडच्या फटीतून खाली, फोमच्या थरात उतरलं होतं, आणि तिथून सुकायला त्याला वाटच नव्हती. दाबलेला भुसा एकदा फुगला की सुकल्यावर पूर्वीसारखा होत नाही. चौदा पट्ट्या काढाव्या लागल्या. तीच डिझाइन बंद झाली होती, म्हणून सोफ्याखालच्या चांगल्या पट्ट्या काढून पुढे बसवल्या आणि सोफ्याखाली दुसऱ्या रंगाच्या घातल्या. ताई, काहीही घ्या, त्याच लॉटचा एक खोका जादा घेऊन माळ्यावर ठेवा. आणि पाण्याच्या रात्री ज्या दाराने पाणी येऊ शकतं तिथे उंबरा हवाच. आमच्या आजीच्या घरी प्रत्येक मोरीला उंबरा होता, आपण तो काढून टाकला.

शेळगी

आमच्याकडे पाणी सांडलं नाही, तरी फरशी फुगली. कारण कूलर. मे महिन्यात दिवसभर कूलर लावून खिडक्या बंद करायचो. (कूलरला एक खिडकी उघडी लागते हे नंतर समजलं.) खोलीची हवा दमट, आणि फरशी मधोमध डोंगरासारखी वर आली, पाय दिला की खाली जायची, उचलला की वर. मला वाटलं पैसे पाण्यात गेले.

दुसऱ्या एका कारागिराला बोलावलं. त्याने आधी स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेली पट्टी, काढलं आणि नुसतं बोटाने दाखवलं. पट्ट्या भिंतीला घट्ट भिडवून बसवल्या होत्या. ही फरशी खाली चिकटवलेली नसते, नुसती अंथरलेली असते. दमट हवेत ती सगळी मिळून पसरते. चारी भिंतींकडे आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, स्कर्टिंग ती झाकतं. त्याने कडेने तेवढी पट्टी कापून काढली आणि चार-पाच दिवसांत डोंगर आपोआप बसला. एकही पट्टी बदलावी लागली नाही. ज्याने पहिल्यांदा बसवलं त्याला ही गोष्ट माहीत नव्हती, की माहीत असून घाई केली, याचा राग अजून जात नाही.

उत्तर कसबा

सगळे नवीन वस्तूबद्दल लिहितायत, मी जुन्याबद्दल लिहिते. आमचा कसब्यातला वाडा चार वर्षांपूर्वी उतरवला. भिंती फुगल्या होत्या, इलाज नव्हता. त्या वाड्यात माडीची जमीन लाकडाचीच होती. सागाच्या तुळया, त्यावर कड्या म्हणजे बारीक आडव्या तुळया, कड्यांवर पाट म्हणजे रुंद फळ्या, आणि वर मातीचा थर शेणाने सारवलेला. खालून पाहिलं की कडीपाटाचं छत दिसायचं. आम्ही भावंडं दुपारी खाली आडवी पडून कड्या मोजायचो. लाकडाची जमीन सोलापूरला नवी नाही, फक्त तिच्यावर माती असायची.

वाडा उतरवताना जुनं लाकूड घेणारे आले आणि एकगठ्ठा भाव सांगितला. वडिलांनी तुळया दिल्या, पाट मात्र ठेवले. ते पाट मी माझ्या घरात, बाराबाय तेराच्या खोलीत जमीन म्हणून घातले. सोपं नव्हतं. प्रत्येक पाटात हाताने घडवलेले खिळे होते, काही लाकडात मोडून बसलेले. सुतारकाकांनी चिमट्याने आणि पटाशीने एकेक काढले. लोहचुंबक फिरवून पुन्हा तपासलं, तरी रंधा मशीनची पाती दोनदा गेली. खिळ्यांची भोकं काळी पडली होती, ती बुजवू नका म्हणून मी सांगितलं. पांढरा भाग, म्हणजे सालीजवळचं कच्चं लाकूड, वाळवीने खाल्लेला होता तो कापून टाकला. सागाच्या आतल्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, कच्च्या भागाला लागते. काकांनी हे मला पाट आडवा कापून दाखवलं. एकाच फळीत अर्धा भाग पोखरलेला आणि अर्धा तेलकट, पिवळा, जसाच्या तसा.

एवढी वर्षं सुकलेलं लाकूड, तरी काका म्हणाले, "बाई, लाकूड आखाडात फुगतंय, चैतात आखडतंय. जुनं झालं म्हणून सवय सोडत न्हाई." लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. म्हणून त्यांनी रुंद पाट उभे चिरून साडेतीन इंचाच्या पट्ट्या केल्या. मला वाईट वाटलं, कारण पाटाची रुंदी हीच त्याची शान होती. पण आता कोरड्या दिवसांत पट्ट्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते आणि पावसाळ्यात मिटते. रुंद पाट ठेवले असते तर तीच फट कितीतरी मोठी झाली असती. वर पॉलिश नाही, तेल दिलंय. वर्षातून एकदा गणपतीच्या आधी फडक्याने पुन्हा देते. वडील त्या खोलीत चप्पल घालू देत नाहीत.

होटगी रोड, सहावा मजला

एसपीसीला पाणी लागत नाही हे खरं आहे, आमच्याकडे मुलाने बादली उपडी केली तरी काही झालं नाही. पण ऊन लागतं. पश्चिमेला मोठी काचेची सरकती दारं आहेत. एप्रिलमध्ये तीन ते सहा ऊन थेट फरशीवर. तिथल्या दोन ओळी तापून फुगल्या आणि सांधा तंबूसारखा उभा राहिला. पडदे लावल्यावर आणि कडेची फट वाढवल्यावर परत झालं नाही. प्लास्टिक उन्हाने वाढतं, लाकूड दमट हवेने. दोन्हीला जागा द्यावी लागते, एवढं मी शिकलो.

भवानी पेठ

माझं मत वेगळं आहे. आम्ही घातली आणि काढली. आमची जुनी शहाबादी फरशी होती. शहाबाद इथून काही तासांवर, तिथला दगड या भागात पिढ्यानपिढ्या उगाच वापरला नाही. मे महिन्यात जेवण झालं की आमच्या घरात सगळे उघड्या फरशीवर आडवे होतात, चटईसुद्धा नको असते. शहाबादीवर लॅमिनेट घातल्यावर तो गारवा गेला. लाकडावर पाय ठेवला तर गरम लागत नाही, पण गारही लागत नाही. शिवाय घरामागे विणकामाचे दोन माग आहेत, सुताची लव दिवसभर उडते. शहाबादीवर ती दिसायची नाही, गडद लॅमिनेटवर तासाभरात पांढरी साय धरायची. आई दिवसातून चारदा झाडायची. दोन वर्षांनी पट्ट्या उचलल्या, भावाच्या गाळ्यात घातल्या. फरशीला पुन्हा पॉलिश मारलं. ज्यांच्या घरात चांगली शहाबादी आहे त्यांनी दहादा विचार करावा.

सात रस्ता

ताई, सासूबाईंसाठी करताय म्हणून लिहितेय. माझी आई गुळगुळीत लॅमिनेटवर मोजे घालून चालताना घसरली होती. लाकडी म्हणजे घसरत नाही असं नाही. हात फिरवल्यावर रेषा लागतील असा खरखरीत, मॅट पोत घ्या, चकाकीचा नको. खोलीतून बाहेर पडताना दारात जी धातूची पट्टी येते ती उतरती बसवून घ्या. आमच्याकडे ती उभी होती, वॉकरचं पुढचं टोक तिथेच अडायचं. हे दुकानात कोणी सांगत नाही, कारण त्यांच्यासाठी तो शेवटचा, घाईचा भाग असतो. मला विचाराल तर तुमच्या कामात तीच पट्टी सगळ्यात महत्त्वाची.

बाळे, तळमजला

तळमजल्यावर, काळ्या मातीत घर असेल तर आधी वाळवीचं बघा. आम्ही लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर खरं लाकूड बसवलं होतं. दोन पावसाळ्यांत एका कोपऱ्यात पोकळ आवाज यायला लागला. उचलून पाहिलं तर सांगाड्याचं लाकूड साधं होतं, वाळवीने त्याचं जाळं करून ठेवलं होतं. वरचा साग शाबूत. नंतर भिंत आणि जमिनीच्या सांध्यात फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडलं. हे फरशी घालण्याआधी केलं असतं तर अर्ध्या खर्चात झालं असतं.

रेल्वे लाईन्स

मी भरतनाट्यम शिकवते. घराच्या गच्चीवरच्या खोलीत वर्ग चालतो. सिमेंटवर टाइल असलेल्या जमिनीवर वर्षानुवर्षं तट्टिमेट्टु, म्हणजे पाय आपटण्याची पावलं, केल्याने माझ्या टाचा कायमच्या दुखावल्या. मुलींचं तसं होऊ नये म्हणून लाकडी जमीन करायची ठरवली, तर प्रत्येक दुकानदार लॅमिनेट किंवा एसपीसी दाखवायचा. ते खाली सिमेंटला टेकलेलंच असतं, दोन-तीन मिलिमीटर फोमने पायाला फार फरक पडत नाही. लवचिकपणा मिळतो तो खालच्या पोकळीमुळे. शेवटी रबराच्या गट्ट्या, त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या, त्यावर प्लायचे दोन थर एकमेकांचे सांधे चुकवून, असं करून घेतलं. दिसायला साधं आहे. पण आता पायाचा ठोका उमटतो तेव्हा आवाज गोल येतो, आणि दीड तासाच्या वर्गानंतर कोणी टाच चोळत बसत नाही. जमीन अडीच इंच वर आली, दार खालून कापावं लागलं.

अक्कलकोट रोड

मी स्वतः ही कामं करतो, बारा वर्षं झाली. ही जाहिरात वाटू नये म्हणून दुकानाचं नाव सांगत नाही. वर जेवढं बिघडल्याचं लिहिलंय त्यातलं निम्मं बसवणाऱ्याचं आहे, हे मी मान्य करतो.

ताई, तुमच्या टाइलवरच बसवता येईल, उखडायची गरज नाही. पण दोन मीटरची सरळ पट्टी आडवी, तिरकी ठेवून बघा. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हल करून घ्या, नाहीतर चालताना कर्रकर्र आवाज येत राहतो आणि पट्ट्या एकमेकींत अडकवणारे क्लिकचे दात तुटतात. नवीन बांधकाम आहे, तर कोबा सुकला का तेही बघायचं. टाइलवरून कळत नाही, पण बाथरूमला लागून असलेल्या भिंतीखाली हात लावून बघा. जिथे नुसता कोबा आहे तिथे दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचा, दुसऱ्या दिवशी उचलायचा. खाली पाण्याचे थेंब किंवा काळपट डाग दिसला तर काम थांबवायचं. गिऱ्हाईक नाराज होतं, तरी थांबवायचं.

खोके आणले की त्याच खोलीत दोन दिवस आडवे पडू द्यायचे, उभे करायचे नाहीत. गोदामात पत्र्याखाली तापलेला माल त्याच दिवशी बसवला की पुढे फटी पडणार. जड कपाट आधी बसवा, फरशी त्याच्या पुढ्यात थांबवा. अंथरलेल्या फरशीवर कपाट ठेवून स्क्रू मारला की ती एका जागी खिळली जाते आणि दुसरीकडून उचलते. आणि ओलं पोतेरं नको. घट्ट पिळलेलं फडकं चालेल. फिनेल ओतून पुसायची सवय असेल तर लॅमिनेट घेऊच नका, एसपीसी घ्या.

जुळे सोलापूर, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचून दोनदा निर्णय बदलला. सासूबाईंच्या खोलीला लागूनच बाथरूम आहे, म्हणून तिथे खरखरीत पोताचं एसपीसी. खिडकी पूर्वेला आहे, तरी पडदा जाड घेतलाय. आमच्या खोलीत तूर्त काही नाही, टाइलच राहू देणार. कसब्याच्या ताईंचं वाचल्यापासून माहेरच्या माडीचे पाट कुठे गेले याची दादाकडे चौकशी केली, दोन तुळया आणि काही फळ्या अजून गोठ्यात आहेत म्हणाला.

फ्लॅट ठरल्याच्या आधीच ताब्यात आला, म्हणून काम लगेच काढलं. खोके कालपासून खोलीत आडवे पडलेत. दारातली उतरती पट्टी कारागीर विसरून आला होता, त्याला ती आणायला परत पाठवलं. सासूबाई वॉकर घेऊन दारात उभ्या राहून बघत होत्या. परवा बसवायला सुरुवात.