कुपवाड-मिरजेच्या फाउंड्र्या: संमतिपत्राचं नूतनीकरण स्वयंघोषणेवर की चिमणीतली धूळ मोजून?

चिमणीखाली:
भट्टी झोतात असताना, म्हणजे तिच्यात हवेचा झोत चालू असताना, चिमणीतली धूळ मोजल्याशिवाय क्यूपोलाचं (लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीचं) प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र पुढे वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय भट्टी उभारता येत नाही आणि चालवताही येत नाही. पण 'यंत्रणा व्यवस्थित आहे' एवढ्या मालकाच्या लेखी हमीवर ती संमती वाढत गेली, तर हवेला त्याचा काय उपयोग?

क्यूपोला रोज चालत नाही. ओतकामाच्या दिवशी काही तासच झोत असतो. लाकडावर कोकचा (भाजलेल्या दगडी कोळशाचा) थर पेटवताना धूर कोंदतो आणि शेवटी भट्टी उतरताना पुन्हा वाढतो. वर चार्जच, म्हणजे वरून टाकलेला धातू-कोकचा थरच, उरत नाही, मग धूळ अडणार कशानं आणि वायू थंड होणार कसा? नमुना मात्र मधल्या शांत तासात घेतात. तासाला ३ टनांहून कमी वितळवणाऱ्या भट्टीला धूलिकणांची मर्यादा प्रति घनमीटर ४५० मिलिग्रॅम आहे, त्यावरच्या भट्टीला १५०. चार्जिंगच्या दारातून बाहेरची हवा आत खेचली जाते, तिनं हा आकडा आपोआप उतरतो, धूळ तेवढीच राहते. सांगली राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे, तेव्हा हे चालवून घेता येणार नाही.

ओतकाम:
विरोध आहे. धूर वाईट हे मान्य, पण नूतनीकरण मोजणीला बांधलं की मोजणीच्या तारखेसाठी रांग लागेल. संमती लटकली की बँक कॅश क्रेडिट वाढवत नाही आणि मोठा ग्राहक ऑर्डर थांबवतो. यात मरतो तो लहान कारखानदार, धूर तसाच राहतो.

धूर स्क्रबरच्या (पाण्यानं धूर धुणाऱ्या यंत्रणेच्या) देखभालीनं कमी होतो. कोकमधल्या गंधकामुळे फिरतं पाणी आम्लधर्मी होतं, पंपाचा इंपेलर आणि पाइप खातं. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही की नॉझल बुजतात. चुना घालून पाण्याचा सामू (pH) ७-८ वर ठेवला आणि पंपाचा दाब रोज वहीत लिहिला, की निम्मं काम झालं. या नोंदी स्वयंघोषणेला जोडा आणि अचानक तपासणी करा. हवा कायद्यातल्या गुन्ह्यांना जनविश्वास कायद्यानं तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आणलाय, तोच खोटं लिहिणाऱ्याला लावा.

चिमणीखाली:
वही घरात बसूनही भरता येते, ओतकाम. एकाच पेनानं, एकाच अक्षरात महिन्याभराचा सामू ७.५ लिहिलेला असला तर त्याला पुरावा म्हणायचं का? पंपाच्या विजेचं वेगळं मीटर लावा आणि त्याचं रीडिंग झोताच्या तासांशी ताडून बघा, मग त्या वहीला अर्थ येईल.

नॉझल-थिंबल:
दोघांनाही सांगतो, खरी अडचण पोर्टची, म्हणजे नमुना घेण्यासाठी चिमणीला ठेवायच्या भोकाच्या जागेची आहे. नमुना आयसोकायनेटिक हवा, म्हणजे नमुना ओढणाऱ्या नळीच्या नॉझलमधला वेग चिमणीतल्या वेगाएवढा हवा. ओढ कमी पडली तर जड कण जास्त शिरतात आणि आकडा फुगतो, ओढ जास्त झाली तर उतरतो. प्रवाह स्थिर मिळावा म्हणून बाक किंवा अडथळ्यानंतर चिमणीच्या व्यासाच्या ८ पट आणि टोकाआधी २ पट सरळ नळी लागते. क्यूपोलाच्या नियमात चार्जिंग दाराच्या वर किमान ६ व्यास चिमणी मागितली आहे. ६० सेंटिमीटर व्यासाला ती ३.६ मीटर होते. मोजणीला १० व्यास, म्हणजे ६ मीटर लागतात. नियमातली किमान उंची पाळणाऱ्या चिमणीवरही आदर्श जागा नाहीच! मग छेदातल्या जास्त बिंदूंवर मोजावं लागतं, आणि तेवढा वेळ झोत टिकतोच असं नाही. प्लॅटफॉर्म, शिडी, दोन काटकोनी पोर्ट हे तर वेगळंच.

ओतकाम:
हेच म्हणतोय! अशा मोजणीवर परवानगी रोखणं न्यायाचं नाही.

चिमणीखाली:
नॉझल-थिंबल, मुद्दा पटला. उभारणीच्या संमतीतच १० व्यासांची चिमणी, पोर्ट आणि प्लॅटफॉर्म लिहून घ्यावेत, असं म्हणणं मी माझ्या मागणीत जोडतो. पण मोजायला अवघड म्हणून मोजूच नये, हे मान्य नाही. चालू भट्ट्यांना एक ओतकाम-हंगाम द्या. त्या काळात पेटवणं, मधला तास आणि भट्टी उतरवणं या तिन्ही वेळांचे नमुने घ्या, आणि दर टन धातूमागे किती धूळ ते लिहा.

ओतकाम:
नव्या भट्ट्यांपुरतं मान्य. जुन्या शेडमध्ये चिमणी ६ मीटर करायची तर छप्पर कापावं लागतं, भार पेलायला खालचा ढाचाही बदलावा लागतो. एका हंगामात होणार नाही, दोन द्या. आणि दोन झोतांची, म्हणजे ट्विअरच्या (भट्टीत हवा सोडणाऱ्या नळ्यांच्या) दोन ओळींची क्यूपोला बसवणाऱ्याला नूतनीकरणात सवलत द्या, तिला कोक कमी लागतो.

चिमणीखाली:
सवलत द्यायला हरकत नाही, पण कोक किती वाचला ते खरेदीच्या बिलांवरून दाखवा. दोन हंगामांना मात्र माझी संमती नाही.