पहिल्यांदाच स्कीइंग आणि हाताशी तीन रात्री : झेरमॅटला जावे का?

राजवाडा_चौक (इंदूर)

येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे, चौदा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे चौघे धाकट्या दिरांकडे स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला जाणार आहोत. त्यातल्या तीन रात्री तिथल्याच झेरमॅट या डोंगरातल्या गावी राहून स्कीइंग शिकावे, असा लेकीचा फार आग्रह आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर बर्फावर पाऊल ठेवलेले नाही. एवढ्या थोड्या दिवसांत खरोखर काही शिकून होते का, की उगाच दुखापत ओढवून घेणे ठरेल? सासूबाईंना तेथे करमेल का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

सुरसागर_काठ (वडोदरा)

अवश्य जावे, पण बेत लहान ठेवावा. झुरिकहून विस्पला गाडी बदलून झेरमॅटला पोहोचायला साडेतीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तीन रात्रींत पूर्ण दिवस दोनच मिळतात. ते दोन्ही दिवस प्रशिक्षकाबरोबर नवशिक्यांच्या उतारावरच घालवावेत, असे माझे ठाम मत आहे. गावातून भुयारी केबल-रेल्वेने काही मिनिटांत सुनेगाला (२,२८८ मीटर) जाता येते आणि तेथे असा उतार आहे. आम्ही मात्र एक सकाळ शिकून दुसऱ्या दिवशी ३,८८३ मीटर उंचीच्या क्लाइन मॅटरहॉर्न शिखरावर गेलो. विरळ हवेने यजमानांचे डोके इतके दुखू लागले की उरलेला दिवस हॉटेलातच गेला, आणि शिकणे अर्धवट राहिले याची हळहळ मला अजून वाटते.

सर्वांत आधी थांबायला शिकवतात. स्कीची, म्हणजे बुटांखाली लावायच्या लांब पट्ट्यांची, पुढची टोके जवळ आणि मागची दूर ठेवून नांगराच्या फाळासारखा कोन करायचा; कोन जितका रुंद, तितका वेग कमी. अडचण अशी की उताराच्या भीतीने अंग आपोआप मागे झुकते, स्कीचा पुढचा भाग हलका होतो आणि नेमका तेव्हाच ताबा सुटतो. म्हणून नडगी सतत बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली ठेवावी. लेकीला हे एका सकाळीच जमेल. आपल्याला दुसरा दिवस लागेल.

थंडीच्या धास्तीने दोन-दोन मोजे मात्र चढवू नयेत. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ मोजा पुरतो, कारण बूट आवळला की रक्तप्रवाह अडून पाय अधिकच गारठतात.

गोपाचल (ग्वाल्हेर)

मी विम्याविषयी लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. स्वित्झर्लंडला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, पण तेवढ्याने स्कीइंगमधली दुखापत भरून मिळेलच असे नाही. ऑस्ट्रियात माझ्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, तेव्हा माझ्या विम्यात हिवाळी खेळ वगळलेले आहेत हे मला रुग्णालयातच कळले. हिवाळी खेळ आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च या दोन्ही गोष्टी कागदावर स्पष्ट लिहिलेल्या असल्याशिवाय निघू नये.

स्की भाड्याने घेताना वजन, उंची आणि वय खरे सांगावे. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटावा, हे त्यावरूनच ठरवतात; माहिती चुकली तर बूट वेळेवर सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. उतारांच्या रंगांत निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा अवघड. पुढे चाललेल्याला सांभाळण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते, हेही लेकीला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

सुरसागर_काठ (वडोदरा)

सासूबाईंविषयी लिहायचे राहिले. गावात पेट्रोलच्या मोटारी येत नाहीत, विजेवरची छोटी वाहनेच फिरतात, त्यामुळे त्यांना निवांत हिंडता येईल. फक्त वाट निसरडी असते, म्हणून तळाला चांगली पकड असलेले बूट हवेत. १८९८ साली सुरू झालेली दातेरी रुळांची रेल्वे ३,०८९ मीटरवरच्या गोर्नरग्राटला नेते. चढताना उजव्या बाजूला बसवावे, म्हणजे मॅटरहॉर्नचे शिखर समोर राहते. रक्तदाबाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गडद चष्मा चौघांनाही हवा, कारण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणे परत फेकतो.

राजवाडा_चौक (इंदूर)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आजच विम्याचे कागद काढून पाहिले. त्यात हिवाळी खेळ वगळलेलेच निघाले, तेव्हा उद्या नवा विमा घेते. क्लाइन मॅटरहॉर्न या खेपेस नाही, हे लेकीला सांगितले आहे. सासूबाईंनी मात्र गोर्नरग्राटचे नाव ऐकताच उजवीकडची जागा आपली, असे सांगून ठेवले आहे.