बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

[६:४८] देसाई काका २०१: सुप्रभात. कुणाचं नाव घेत नाही खरं माझ्या डोक्यावर कोण राहतंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. काल रात्री दीडला "मला मारलं, मारलं, उचल मला, गाडी घेऊन ये लवकर" असलं ओरडणं ऐकून मी काठी घेऊन जिन्यात आलो, हिला वाटलं चोर शिरले. वर जाऊन बघतो तर दार बंद आणि आतनं हसणं. ही सोसायटी आहे की तालीम?

[६:५५] महेश १०४: काका मग गाडी नेली काय तुम्ही 😂

[७:०२] सुजाता ३०१: काका सॉरी, मी बोलते त्याला. खरं गेल्या वेळी पण तुम्ही ग्रुपवरच टाकलात, दारात येऊन सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. खालून भजनाचा आवाज येतो तेव्हा आम्ही कधी काही लिहीत नाही.

[७:०४] देसाई काका २०१: भजन सात ते आठ असतं. एकादशीला फक्त.

[७:०४] सुजाता ३०१: आणि चतुर्थीला.

[७:०६] कुलकर्णी काकू (खजिनदार): नेटचे या महिन्याचे १५० रुपये बाकी: १०४, २०३, ३०२, ४०१. आजच्या आज द्यावेत ही नम्र विनंती 🙏

[७:१५] देसाई काका २०१: आणखी एक मुद्दा. बारा घरांत मिळून एक नेट घेतलंय आणि सगळं नेट ही पोरं ओढूलालेत. माझं टीव्हीवरचं कीर्तन नुसतं गोल गोल फिरतंय. परवा बुवांचं तोंड उघडलं ते दहा मिनिटं उघडंच.

[७:२१] ओंकार ३०१: काका गेमला नेट लागतच नाही एवढं

[७:२२] देसाई काका २०१: तो गेम सरकारने बंद केला होता ना? मग चालू कसा?

[७:२४] ओंकार ३०१: पबजी बंद झाला काका, २०२० च्या सप्टेंबरात. हा बीजीएमआय, २०२१ ला आला

[७:२५] महेश १०४: २०२२ ला हापण काढला होता, २०२३ ला परत आला. आमच्या पार्किंगच्या ठरावासारखंच.

[७:२६] पाटील (सेक्रेटरी): महेशराव, पार्किंगचा विषय इथे नको. तुमची दुसरी गाडी कुणाच्या जागेत असते ते मला बोलायला लावू नका.

[७:३०] देसाई काका २०१: पैसे लावतात त्यात, पेपरात आलं होतं.

[७:३३] अमोल ४०३: नाही काका. पैसे लावायचे ऑनलाइन गेम वेगळे, त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. हा त्यातला नाही. आणि ओंकार खरं सांगतोय. गेममधली झाडं, घरं, बंदुका सगळं आधीच फोनमध्ये उतरवलेलं असतं, नेटवरनं जाते ती नुसती चिठ्ठी की मी इथं आहे, इकडं वळलो, गोळी झाडली. मॅचमध्ये शंभर जण असतात, सर्व्हर सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा करतो आणि कोण कुठं आहे ते परत सगळ्यांना कळवतो, सेकंदाला कितीतरी वेळा, खरं चिठ्ठ्या बारक्या. अर्ध्या तासाच्या मॅचला चाळीस-पन्नास एमबी म्हणजे डोक्यावरून पाणी. तुमचं कीर्तन एचडीत तासाला एक जीबीच्या वर जातं.

[७:३५] देसाई काका २०१: म्हणजे कीर्तनाने नेट बंद पडतं म्हणायचं आहे काय तुम्हाला?

[७:३६] अमोल ४०३: तसं नाही म्हटलं 🙏

[७:३८] हिरेमठ सर १०२: पिंग पिंग म्हणत्यात आमचा नातू, ते काय ते नमगू हेळ्री, आम्हालापण सांगा.

[७:४६] अमोल ४०३: सर, चिठ्ठी सर्व्हरला जाऊन उत्तर परत यायला लागतो तो वेळ. समजा सर्व्हर मुंबईत, म्हणजे बेळगावातनं पाचशे किलोमीटर, जाऊन येऊन हजार. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळतो, म्हणजे नुसत्या अंतराचे ५ मिलिसेकंद. बाकीचा वेळ वाटेतल्या थांब्यांवर जातो, एसटी कशी प्रत्येक फाट्याला थांबते तसं. कीर्तन पुढचं थोडं आधीच आणून ठेवतं म्हणून चार सेकंद नेट अडकलं तरी कळत नाही. गेमला पुढचं आधी आणता येत नाही, समोरचा काय करणार हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. आणि वाटेत हरवलेली चिठ्ठी गेम परत मागत पण बसत नाही, शिळी बातमी घेऊन करायचं काय.

[७:४८] महेश १०४: आमच्या वेळी टिळकवाडीत कॅफेत काउंटर स्ट्राइक, तासाला २० रुपये, सगळी मशिनं एका खोलीत एकाच स्विचला, पिंग हा शब्द ठाऊक नव्हता. ज्यानं मारलं तो शेजारीच बसलेला, उठून पाठीत घालायचा.

[७:४९] सुजाता ३०१: महेश भावजी, पोरं वाचतात हा ग्रुप.

[७:५२] अमोल ४०३: आणि काका एका अर्थाने बरोबर आहेत. १९९३ साली डूम नावाचा गेम आला तेव्हा पहिल्या आवृत्तीत प्रत्येक चिठ्ठी नेटवर्कमधल्या सगळ्याच मशिनांना जायची, चौघं खेळायला बसले की अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क मेटाकुटीला. कंपन्यांनी बंदी घातली होती. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

[७:५३] देसाई काका २०१: मी तेच म्हणतोय.

[७:५३] अमोल ४०३: काका, १९९३ साली.

[७:५८] कुलकर्णी काकू (खजिनदार): नेटचे या महिन्याचे १५० रुपये बाकी: १०४, २०३, ३०२, ४०१. आजच्या आज द्यावेत ही नम्र विनंती 🙏

[८:१०] नीलम २०३: काकू मी दोन तारखेला दिलेत, स्क्रीनशॉट पण पाठवला होता. आणि माझ्या स्कूटीतलं पेट्रोल रात्री कुणीतरी काढलंय, काल भरलं होतं, आज काटा खाली. सेक्रेटरी साहेब जरा कॅमेरा बघा की.

[८:३१] पाटील (सेक्रेटरी): बघितलं. काल रात्री १:३८ पासून आठही कॅमेरे बंद. त्याआधी सगळं आहे, नंतर काही नाही. मीटर रूममधल्या पेटीचं दार उघडं होतं. कुणी हात घातला असेल तर आत्ताच सांगावं. परवानगीशिवाय त्या पेटीला हात लावू नये हे मी तीनदा लिहिलंय.

[८:३३] महेश १०४: १:३८ ला काठी घेऊन जिन्यात कोण होतं बरं 🤔

[८:३४] देसाई काका २०१: विषय भरकटवू नका.

[८:३७] ओंकार ३०१: अमोलदादा एक सांगू, काल रात्री साधारण १:४० नंतर पिंग एकदम ३४ ला आला. रोज रात्री दोनशे-अडीचशे असतो, मी पळतो पुढं आणि मला परत मागं आणून ठेवतंय. काल लोण्यासारखं. आधी मेलो म्हणून ओरडत होतो, नंतरची मॅच जिंकलो म्हणून हसत होतो

[८:३८] सुजाता ३०१: दीड वाजेपर्यंत जागा होतास हे तू स्वतःच लिहितोस? फोन आण इकडं.

[८:४९] अमोल ४०३: थांबा थांबा. पाटील साहेब, आठ कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्ड करतात ना? एकेक साधारण ४ एमबीपीएस, आठाचे ३२. आपला प्लॅन ४० चा, म्हणजे वर पाठवायची (अपलोडची) वाट दिवसरात्र भरलेलीच. त्यात रात्री सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागले की फोटोंचा बॅकअप सुरू. दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडल्यावर कसं, पुढे सगळे ट्रक आणि मागे एक दुधाची सायकल. सायकलीवर दोनच लिटर दूध, खरं ट्रक हलल्याशिवाय ती हलणार कशी? ओंकारची चिठ्ठी म्हणजे ती सायकल. आणि काका, कीर्तन येतं खालच्या वाटेनं खरं "पुढचा तुकडा पाठव" ही मागणी वरच्याच वाटेनं जाते. तीपण गेटला अडकते, मग बुवांचं तोंड उघडं.

[८:५१] हिरेमठ सर १०२: म्हणजे गुन्हेगार कॅमेराच. भले.

[८:५३] पाटील (सेक्रेटरी): कॅमेरे क्लाउडवर हौसेनं नाही टाकले. गेल्या पावसात वीज पडून रेकॉर्डिंगचा डबा जळला, नवीन घ्यायचा म्हटलं तर मीटिंगला एकानं हात वर केला नाही. आता सगळे इंजिनिअर झालेत.

[८:५५] कुलकर्णी काकू (खजिनदार): त्या मीटिंगला कोरम पण नव्हता. चहाचे पैसे मी दिलेत.

[९:०४] देसाई काका २०१: हे बघा. मी त्या पेटीपाशी गेलो होतो हे खरं आहे. मला वाटलं निळी वायर ३०१ ला जाते. झोप नाही म्हटल्यावर माणूस काय करणार. तेवढी एकच काढली, बाकी कशाला हात लावला नाही.

[९:०५] महेश १०४: म्हणजे काकांनी गेम बंद करायला वायर काढली आणि ओंकार मॅच जिंकला 😂😂 ओंकार काकांना टीममध्ये घे गा

[९:०६] नीलम २०३: हसूलालाय काय सगळे, माझं पेट्रोल गेलंय.

[९:०९] पाटील (सेक्रेटरी): देसाई साहेब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी आता वायर जोडतोय.

[९:१०] ओंकार ३०१: काका प्लीज संध्याकाळी जोडा ना, आज दुपारी आमची स्क्रिम (सरावाची मॅच) आहे, हेडफोन लावून खेळतो शप्पथ

[९:१२] अमोल ४०३: जोडा साहेब, फक्त आधी कॅमेऱ्यांचा बिटरेट, म्हणजे एकेक कॅमेरा सेकंदाला किती पाठवतो ते, ४ वरनं १ वर आणू. आठाचे ८ होतील, चित्र थोडं मऊ दिसेल. आणि राउटरमध्ये वर जायची मर्यादा जराशी खाली बांधू म्हणजे रांगच लागणार नाही. मी अकराला खाली येतो.

[९:१३] नीलम २०३: आणि चोराचं तोंड पण मऊच दिसणार काय?

[९:१७] देसाई काका २०१: पाटील, घाई करू नका. आज पहाटेचं कीर्तन एकदा पण अडकलं नाही. बुवा सलग पाऊण तास बोलले.

[९:१८] सुजाता ३०१: काका, आवाज जरा मोठाच होता.

[९:२०] हिरेमठ सर १०२: इरली बिडरी, असू दे, सोडा. चहाला या सगळे.

[९:२४] कुलकर्णी काकू (खजिनदार): नेटचे या महिन्याचे १५० रुपये बाकी: १०४, ३०२, ४०१. (२०३ चे सापडले.) आजच्या आज द्यावेत ही नम्र विनंती 🙏