मदत हवी आहे: एमजीबी जीटी घ्यावी की ट्रायम्फ जीटी६?

मंडळी, इंग्लंडात राहतो. १९७०च्या आसपासची गाडी घ्यायची हौस आहे. ४० वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स लागत नाही, एमओटी या वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. शोधता शोधता या दोन जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवर येऊन अडकलोय.

घरच्यांचा कौल एमजीबीला. मागे पोराला कसंबसं बसवता येतं, मागचं दार उघडून सामान टाकता येतं. इंजिन १७९८ सीसीचं, बी-सिरीजचं. म्हणजे आपल्या अँबेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. पाच लाखांवर एमजीबी बनल्या, त्यामुळे पार्टच काय, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. धास्ती फक्त गंजाची. हिला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीवरच. दाराखालचे सिल कुजले की गाडीत दम उरत नाही, आणि वर लांबी (पुट्टी) भरून चकचकीत रंग मारलेल्या गाड्या बाजारात ढिगाने आहेत.

माझा जीव मात्र जीटी६वर. दोन लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन, त्याचा तो आवाज! शिवाय चासी मुळात ट्रायम्फच्याच हेरल्ड गाडीची. कोल्हापूरला मामांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड होती. तिच्यासारखंच हिचंही अख्खं बॉनेट पुढे उलटतं. पुढच्या टायरवर बूड टेकून निवांत काम करावं.

पण मार्क १चा, म्हणजे पहिल्या आवृत्तीचा, मागचा स्विंग ॲक्सल (चाकासकट वरखाली झुलणारा दांडा) बदनाम आहे. भर वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. १९६८च्या मार्क २मध्ये खाली विशबोन (चाकाला धरून ठेवणारा आधाराचा दांडा) आणि चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टमध्ये रोटोफ्लेक्स नावाचं रबरी कपलिंग देऊन ते बरंचसं सुधारलं. आता ती रबरं फाटतात म्हणे, आणि बदलताना माणूस रडकुंडीला येतो. हल्ली मिळणारी रबरं किती टिकतात? कुणी ती काढून दुसरे शाफ्ट बसवलेत का? सहा फुटी माणसाला आत तीन तास बसवतं का, की इंजिनाच्या उष्णतेने भाजून निघतो?

येत्या रविवारी एक मार्क २ बघायला जातोय. क्लच दाबल्यावर इंजिनाच्या मुख्य शाफ्टची, म्हणजे क्रँकची, पुली पुढे सरकते का ते बघणार आहेच, कारण क्रँकला पुढेमागे सरकू न देणारा थ्रस्ट वॉशर झिजून खाली पडला तर ब्लॉकच कामातून जायचा. आणखी काय तपासू?

‘दोन्ही घे’ म्हणणाऱ्यांनी कृपया आधी माझं गॅरेज बघून जावं.