मतलई वारा आणि तपकिरीची डबी

कुणीतरी विचारलंय, शिडाच्या काळातल्या मुंबईच्या दर्यावर्दी घराण्यांत वाडियांना का धरायचं, ते तर सुतार. खरंय, लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले ते जहाजं बांधायला, हाकायला नव्हे. पण १८१७ साली मुंबईच्या गोदीतून उतरलेली वाडिया घराण्याची 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे. सागवानाची करामत! तेव्हा धरा की.

आमच्याकडे उलटं, जहाजं हाकायची, बांधायची नव्हे. खापरपणजोबा मालवणकडचे तांडेल, म्हणजे गलबताचे म्होरके; मंगलोरी कौलं भरून फत्तेमारी, म्हणजे मालवाहू शिडाचं गलबत, मुंबईत भाऊच्या धक्क्याला आणायचे. हिवाळ्यात दुपारचा वारा नेमका समोरून. मग एखाद्या खाडीत नांगर टाकून बसायचं आणि रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटली की किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे सरकायचं. नारळी पौर्णिमेला सुरू झालेलं हे चक्र पावसाळा तोंडावर आला की थांबे. गलबत किनाऱ्यावर ओढून माडाच्या झावळ्यांच्या झापांखाली. तळाला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळत. आजी म्हणायची, घरात माणूस शिरायच्या आधी तो वास शिरायचा.

या सगळ्याचा कागदी पुरावा मात्र एकही नाही. होकायंत्राची रिकामी पितळी डबी तेवढी उरली, तिच्यात आजी तपकीर ठेवायची.