प्रतिपिंडे जंतूंना ‘मारतात’ म्हणावे का?

शिक्षक, कसबा बावडा:
जंतूंशी लढायला शरीर जी प्रथिने बनवते, त्या प्रतिपिंडांबद्दल ‘प्रतिपिंडे जंतूंना मारतात’ असे मुले सर्रास लिहितात, बातम्यांतही वाचायला मिळते. मला ते क्रियापद खटकते. तुम्ही काय वापरता? आणि प्रतिपिंड व प्रतिद्रव्य यांत काही फरक आहे का?

रक्तपेढी तंत्रज्ञ, कोल्हापूर:
दोन्ही एकच. प्रतिजैविक मात्र औषध; त्याची यात गल्लत नको. क्रियापद विचाराल तर ‘चिकटतात’. रक्तगट तपासताना हे डोळ्यांना दिसते. ए गटाच्या रक्तात ए-विरोधी प्रतिपिंडांचा थेंब टाकला की तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात. पेशी मेलेल्या नसतात, एकमेकींना धरून बसलेल्या असतात. जंतूच्या ज्या भागाला प्रतिपिंड चिकटते तो प्रतिजन. एकदा चिकटले की जंतूला आपल्या पेशीत शिरता येत नाही, आणि पांढऱ्या पेशी त्याला पटकन ओळखून गिळतात.

पशुवैद्य, कागल:
सहमत. शिवाय ज्यात जीवच नाही त्याला मारणार कसे? उसात पाला काढताना साप चावला की लोक ‘सापाची लस द्या’ म्हणतात. ती लस नव्हे, प्रतिविष. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे त्यात असतात. ती विषाला बांधून निकामी करतात. बेरिंग आणि किटासाटो यांनी 1890 मध्ये दाखवले तेही हेच: धनुर्वाताच्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी रक्तद्रवात असते.

आमच्या गोठ्यातला शब्द ‘चीक’, म्हणजे व्यायल्यावरचे पहिले दूध. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे वारेतून पोटातच मिळतात. रेडकाला, वासराला तशी मिळत नाहीत. ती सगळी चिकात असतात. आतड्यातून ती अख्खी रक्तात जाण्याची वाट साधारण 24 तासांत बंद होते, म्हणून पहिल्या काही तासांतच चीक पाजा असे मी जिवाच्या आकांताने सांगतो. खरवस विरजणाशिवाय घट्ट होतो तोही अशा प्रथिनांमुळेच. पण वाफवल्यावर त्यांचे काम संपते. खरवसाने प्रतिकारशक्ती वाढते म्हणून रेडकाच्या तोंडचा चीक काढू नका. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची पद्धत अजून काही घरांत आहे, तीही सोडा.

सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, राजारामपुरी:
एक दुरुस्ती सुचवते. ‘मारतात’ हे क्रियापद पूरक प्रथिनांना खरोखर लागू पडते. ती बहुतेक यकृतात बनतात आणि रक्तात निष्क्रिय फिरत असतात. प्रतिपिंड जंतूला चिकटले की एक दुसऱ्याला जागे करते, आणि शेवटची काही मिळून काही जिवाणूंच्या पटलाला आरपार भोक पाडतात. प्रतिपिंडांचे काम ती पुरे करतात, म्हणून ‘पूरक’. या शोधकार्यासाठी ज्यूल्स बोर्दे यांना 1919 चे नोबेल मिळाले.

शिक्षक, कसबा बावडा:
मग फळ्यावर असे लिहितो: ‘प्रतिपिंडे जंतूंना चिकटून त्यांना अडवतात, पूरक प्रथिने आणि पांढऱ्या पेशी त्यांचा नाश करतात.’

पशुवैद्य, कागल:
‘जंतूंना’च्या पुढे ‘व विषांना’ घाला.